हौशी रेडिओत मोर्स लिपी कशाला?

वाकोल्यात राहणाऱ्यांना डोक्यावरून जाणाऱ्या विमानांचे नवल उरत नाही. पण त्या विमानांना दिशा दाखवणारे मुंबई विमानतळाचे रेडिओकेंद्र आपली ओळख कशी देते, ठाऊक आहे? ‘बी बी बी’ अशी, आणि तीही मोर्स लिपीत! एक रेघ, तीन टिंबे, असे तीनदा. २०१३ साली आपली तारसेवा बंद झाली, तेव्हा मोर्सही संपली असे पुष्कळांना वाटते. ती तर शेजारीच बोलते आहे.

मग हौशी रेडिओवाल्याने ती शिकावी की नाही? पूर्वी लघुलहरींवर संदेश पाठवण्याच्या परवान्यासाठी मोर्सची परीक्षा जगभर सक्तीची होती. २००३ साली जिनिव्हाच्या जागतिक परिषदेने ती ठेवायची की नाही हे ज्या त्या देशावर सोपवले. अमेरिकेने २००७ साली सक्ती काढली. भारताने २००३ नंतरही वरच्या श्रेणीसाठी मिनिटाला ८ शब्दांची चाचणी ठेवली.

माझे मत विचाराल तर सक्ती नको. ज्याला मंडले कळतात, नियम कळतात, त्याला केवळ टिंबे-रेघा जमत नाहीत म्हणून दाराबाहेर ठेवणे बरे नाही. संकटकाळी मोर्सच लागते, हेही पूर्ण खरे नाही. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली, तेव्हा हौशी केंद्र चालवण्यासाठी पोर्ट ब्लेअरला गेलेल्या भारती प्रसाद यांनी तेथून निरोप पोहोचवले, ते मुख्यतः बोलूनच.

पण सक्ती नको म्हणजे शिकू नका, असे नव्हे. पाहा, बोलण्याच्या संदेशाला सुमारे २,५०० हर्ट्‌झ रुंदीचा पट्टा लागतो. मोर्सला १२५ हर्ट्‌झ पुरतो. खरखर तर साऱ्या पट्ट्यावर पसरलेली असते. म्हणजे पट्टा वीसपट अरुंद केला की आत शिरणारी खरखरही विसाव्या हिश्शावर येते. बोलण्याला जेथे १०० वॅट लागतात, तेथे मोर्सचे ५ वॅट निभावून नेतात! आता वाकोल्यासारखी दाट वस्ती डोळ्यांपुढे आणा. घरोघरचे एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर रेडिओत खरखर ओतत असतात. विमानतळ जवळ, म्हणून उंच मनोरा उभारण्याची गोष्टच सोडा. गच्चीवर १० मीटरची तार ताणली (१४ मेगाहर्ट्‌झला अर्धी लहर एवढीच भरते), तरी पुष्कळ झाले. अशा जागी ५ वॅटचे मोल मोठे.

कोणी म्हणेल, हे काम संगणक अधिक चांगले करतो. अगदी खरे. नोबेल पारितोषिक मिळवणारे खगोलशास्त्रज्ञ ज्यो टेलर आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ साली ‘एफटी ८’ ही पद्धत आणली. कानाला मुळीच न कळणारा संदेशही ती वाचते. मात्र तेथे बोलतात दोन संगणक, आणि आपण पडद्याकडे बघत बसतो! मोर्सचा प्रक्षेपक एक-दोन ट्रान्झिस्टर, एक स्फटिक आणि मूठभर सुट्या भागांत होतो. त्यातला प्रत्येक भाग काय करतो, हे शाळेतला मुलगा किंवा मुलगी सांगू शकते. संगणकाच्या बाबतीत ते कोण सांगेल? (परवाना मिळेपर्यंत प्रक्षेपक एरियलला जोडायचा नाही, बरे का! बझरवर सराव करायला मात्र कोणाची परवानगी नको.)

शिकताना कागदावर टिंबे मोजू नका. प्रत्येक अक्षराचा ठेका कानाने ओळखा. मिनिटाला १२ शब्दांच्या वेगात एक टिंब सेकंदाचा दहावा भाग टिकते, मोजायला वेळच नसतो. घरच्या साध्या ट्रान्झिस्टरवर मोर्स नुसती धपधप वाटेल. तिचा सूर ऐकू येण्यासाठी संचात बीट ऑसिलेटर हवा. तसा संच मिळाला तर संध्याकाळनंतर ७ मेगाहर्ट्‌झच्या थोडे वर शोधा. रेघ-टिंब-रेघ-टिंब, रेघ-रेघ-टिंब-रेघ असे कानी पडले, तर ओळखा की ते ‘सीक्यू’ आहे. कोणीतरी विचारत आहे, बोलायला कोणी आहे का?