छत्री उपटा, मातीत विष ओतू नका

श्रावणात लोहाऱ्यात चार दिवस झड लागली आणि माझ्या परसात मिरचीच्या वाफ्याकडेला कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या. शेजारचे काका म्हणाले, "मोरचूद टाक, नाहीतर सगळी बाग खातील." एका दुकानदाराने छत्री न बघताच कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची पुडी पुढे केली. माती कशी, वाफ्यात काय घातलं, एक प्रश्न नाही. याला सल्ला म्हणत नाहीत, माल खपवणं म्हणतात.

मी पुडी घेतली नाही, खुरपं घेतलं. वीतभर खाली कडुलिंबाचं खोड निघालं. दोन वर्षांपूर्वी झाड तोडून आम्हीच त्यावर माती ओढली होती. लाकूड पार भुसभुशीत, त्यात पांढऱ्या तंतूंचं जाळं. खरी बुरशी ती. वर दिसतात ती तिची फळं. ती मेलेलं लाकूड कुजवून त्याची माती करते, मिरचीच्या जिवंत मुळांना हात लावत नाही. वरून ओतलेलं औषध खोडाच्या आत पोचत नाही, मातीत मात्र राहतं. मोरचुदातलं तांबं नष्ट होत नाही, साठत जातं. कार्बेन्डाझिम गांडुळांना मारक आहे. पावसाचा भरवसा नसलेल्या आपल्या भागात पाणी मुरवणारं गांडूळ मारायचं आणि दोन दिवसांत आपोआप सुकणारी छत्री हटवल्याचं समाधान मानायचं, हा निव्वळ अडाणीपणा आहे. शिकलेल्या माणसांनी केला म्हणून तो शहाणपणा ठरत नाही.

छत्र्या कच्च्या शेणखतातूनही येतात, आणि ते कोण घालतं? आपणच. उकिरड्यावरून काल ओढलेलं खत आज वाफ्यात, मग छत्र्या आल्या की बोंब. खत काळं, भुसभुशीत झालं आणि शेणाचा वास गेला, तरच ते घालावं. सुताराकडचा ताजा भुसा मातीत मिसळला तर तो कुजताना नत्र ओढून घेतो, पानं पिवळी पडतात, आणि आळ येतो छत्रीवर.

टोपी उघडण्याआधी छत्री उपटा, खड्ड्यात पुरा. संध्याकाळचं पाणी बंद करा, वाफ्यात ऊन येऊ द्या, खोड निघत असेल तर काढा. नसेल निघत तर धीर धरा. लाकूड संपलं की छत्र्याही संपतात. फक्त जिवंत झाडाच्या बुंध्याला कठीण, लाखेसारखी चकाकणारी तपकिरी बुरशी आली, तर ते झाड आतून सडत असू शकतं. तेव्हा जाणकाराला दाखवाच.

खरा धोका वेगळाच आहे, आणि त्याबद्दल सगळे गप्प. पांढऱ्या टोपीवर तपकिरी खवले असलेली एक मोठी छत्री गवतात येते. तिची टोपी रात्रभर कागदावर ठेवली तर खाली हिरवट भुकटी पडते. ती खाल्ली की काही तासांतच उलट्या-जुलाब सुरू होतात. काही जातींचं विष याहून घातक: सहा तास, कधी त्याहून जास्त, काहीच कळत नाही आणि नंतर यकृत निकामी होतं. ते शिजवून जात नाही. चांदीचं नाणं काळं पडलं नाही, किड्यांनी खाल्लीय म्हणजे चांगली, या परीक्षा साफ खोट्या आहेत. पोरांना या परीक्षा शिकवणं वडीलधाऱ्यांनी आजच बंद करावं. छत्रीला हात लागल्याने काही होत नाही. ती तोंडात जाता कामा नये.

गेलीच, तर उलटीची वाट बघू नका. 108 ला फोन लावा आणि उरलेला तुकडा कागदात गुंडाळून सोबत न्या.