प्रवेशानंतरचे साहाय्य

दरवर्षी निकाल लागले की आपल्या समाजात गुणवंतांचे सत्कार होतात. शाल, श्रीफळ व प्रवेश-शुल्काचा धनादेश दिला जातो. ही प्रथा स्तुत्यच आहे. परंतु त्यांपैकी पदवीपर्यंत किती पोहोचले, याची नोंद कोण ठेवतो? पेरणीला उचल द्यावी आणि कोळपणीच्या वेळी पाठ फिरवावी, तर खळ्यावर रास कोठून दिसणार?

आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. तथापि धान्याच्या पेढीवर जे कानी येते त्यावरून सांगतो की, मुलगा प्रवेशापाशी अडत नाही, पहिल्या वर्षाच्या निकालापाशी अडतो. मराठी शाळेतून बेळगावच्या महाविद्यालयात गेलेल्या मुलास सारे विषय एकाएकी इंग्रजीत शिकावे लागतात. दोन विषय राहतात, घरी सांगण्याची लाज वाटते, आणि तो मिळेल त्या कामास लागतो. निपाणीची अडचण निराळी. तेथील अनेक मुले गावालगतच्या अर्जुननगरास देवचंद महाविद्यालयात जातात. घर कर्नाटकात, महाविद्यालय कोल्हापूर जिल्ह्यात. शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या सरकारकडे करावयाचा हे उमगेपर्यंत मुदत टळते.

पूर्वसूरींनी ही गरज ओळखली होती. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या परंपरेत वसतिगृहांना मोठे स्थान मिळाले, ते याच कारणाने. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेले कर्मवीर भाऊराव पाटील मॅट्रिक होऊ शकले नाहीत. पण त्यांनीच १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू करून ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व उच्च शिक्षणात आणले.

आमची सूचना साधी आहे. साहाय्याची रक्कम एकदम न देता प्रत्येक सत्राच्या आरंभी द्यावी. पहिल्या सहामाहीत इंग्रजीची शिकवणी ठेवावी. राहिलेल्या विषयांचे परीक्षा-शुल्क मंडळाने भरावे. दोन्ही राज्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज जाणणारा एक माणूस नेमावा. गरजू मुलास पेढीवर दोन तासांचे सवेतन काम द्यावे. मात्र परीक्षेच्या महिन्यात त्यास सुट्टी असावी.

नापासास पैसे देणे म्हणजे आळसास उत्तेजन, असे काही बंधू म्हणतील. परंतु एक मुदत चुकली म्हणून सचोटीच्या गिऱ्हाइकाचे खाते आपण बंद करतो काय? त्यास बोलावून, अडचण विचारून, पुढची मुदत देतो. हाच न्याय आपल्या मुलांना लावावा, आणि पुढील वर्षीच्या सत्कार-समारंभात प्रवेश घेतलेल्यांबरोबरच टिकून राहिलेल्यांचीही नावे वाचली जावीत, एवढीच समाजबांधवांस विनंती.