कौतुक कुणाचं चाललंय?

ऑलिव्हिए मेसियाँचं 'काळाच्या अंतासाठी चतुष्टक' अमेरिकेतल्या 'ताशी' या चौकडीनं सत्तरच्या दशकात आरसीएसाठी ध्वनिमुद्रित केलं. पियानोवर पीटर सर्किन, क्लॅरिनेटवर रिचर्ड स्टोल्ट्झमन, व्हायोलिनवर आयडा कवाफियन, चेलोवर फ्रेड शेरी. हीच रचना वाजवायची म्हणून 1973 साली चौघं एकत्र आले होते. तेव्हापासून या ध्वनिमुद्रणाची स्तुती चालू आहे. ध्वनिमुद्रण मला प्रचंड आवडतं. डोक्यात जाते ती स्तुती.

तिचा साचा ठरलेला आहे. 15 जानेवारी 1941, गोर्लिट्झजवळची जर्मनांची युद्धकैद्यांची छावणी, हाडं गोठवणारी थंडी, मोडकी वाद्यं, आणि त्यात झालेला पहिला प्रयोग. मग 'अलौकिक', मग 'कालातीत'. झालं परीक्षण! माझी एक साधी चाचणी आहे. यातलं वाक्य उचलून याच रचनेच्या दुसऱ्या कुठल्याही ध्वनिमुद्रणाखाली चिकटवा. शब्दही न बदलता ते चपखल बसलं, तर ते ताशीबद्दल नव्हतंच. अशी वाक्यं काढून टाकली तर बऱ्याच परीक्षणांत चौघांची नावं तेवढी उरतात.

बरं, ती गोष्ट तरी तपासून सांगावी. चेलोला तीनच तारा होत्या आणि पाच हजार कैदी ऐकायला होते, असं मेसियाँ पुढे सांगत असे. खुद्द चेलोवादक एतिएन पास्किए म्हणाला, तारा चार होत्या. त्या बराकीत काहीशेच माणसं मावत. रिबेका रिशिनचं यावरचं पुस्तक 2003 साली आलं, तरी तीन तारा काही तुटत नाहीत. आठांपैकी दोन भागांचं संगीत तर मेसियाँनं युद्धाआधीच, 1930 आणि 1937 साली, दुसऱ्या वाद्यांसाठी लिहिलेलं होतं. कैद खरी होती, भूक खरी होती, यात वाद नाही. पण तिशीच्या आतबाहेरच्या चार अमेरिकनांनी स्टुडिओत काय केलं, हे त्यातून कळत नाही.

ते कानांनीच कळतं. तिसऱ्या भागात क्लॅरिनेट एकटं आहे. एकच स्वर जवळजवळ ऐकूच येऊ नये इथून सुरू होतो आणि दहाएक सेकंदांत कानठळ्या बसवण्यापर्यंत फुगतो. मध्ये श्वास नाही. स्टोल्ट्झमनचा स्वर कुठून सुरू झाला ते मला अजून नेमकं पकडता आलेलं नाही. पाचव्या भागात पियानोचे स्वरपुंज मिनिटाला 44 या गतीनं पडतात आणि वर चेलोची लांबच लांब ओळ. एवढ्या संथपणात गज उलटा फिरताना ओळ तुटते, पण शेरी ती तुटू देत नाही. सर्किन घड्याळ होत नाही. स्टोल्ट्झमन क्लॅरिनेटवर स्वर थरथरवण्यासाठी प्रसिद्ध. इतक्या कोरड्या, एकाकी संगीताला ते मानवतं का? मला वाटतं, काही ठिकाणी नाही. हा वाद घालण्याजोगा आहे. 'अलौकिक'शी काय वाद घालणार?

आपल्याकडे आणखी एक शिक्का तयार असतो: 'हे तर आपलेच ताल!' धागा खरा आहे. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'तली 120 देशी तालांची यादी मेसियाँला एका फ्रेंच ज्ञानकोशात सापडली. पहिल्या भागात पियानोची लय त्यातल्या रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या तीन तालांवरून बेतलेली आहे. लयीचे 17 कालखंड आणि 29 स्वरपुंज अशी दोन चाकं वेगवेगळी फिरतात. दोन्ही मूळ संख्या, म्हणजे 493 टप्प्यांनंतरच जोडी पुन्हा जुळणार, आणि त्याच्या कितीतरी आधी भाग संपतो. याचा अभिमान जरूर बाळगा. पण पक्ष्यांसारख्या किलबिलणाऱ्या क्लॅरिनेट-व्हायोलिनच्या मागे सर्किन ती चाकं कशी दबक्या आवाजात फिरवत ठेवतो, हे दौलताबादच्या किल्ल्याकडे बघून कळणार नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: सामान्य श्रोत्याला ही तांत्रिक बडबड नको असते, गोष्टीमुळे तो आत तरी येतो. मी तोच सामान्य श्रोता. शिकलो इंजिनिअरिंग, नोटेशन वाचता येत नाही, घरी कुणी पियानोला हात लावलेला नाही. अशा माणसाला 'कालातीत' सांगून हेडफोन लावायला दिले, की तो पन्नासेक मिनिटं आदरानं बसतो, काहीच घडलं नाही तर स्वतःलाच ढ समजतो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. त्यालाच 'तिसऱ्या भागात तो स्वर कधी सुरू होतो ते पकड' एवढंच सांगून बघा.