मशीन ॲव्हरेज किती देतं?

वॉटर सॉफ्टनर विकत घेताना आपली माणसं काय काय विचारतात बघा. वॉरंटी किती? ईएमआय आहे का? ऑटोमॅटिक आहे ना, की रोज जाऊन कॉक फिरवायचा? टाकीचा रंग बाथरूमच्या टाइल्सना शोभेल का, हेही विचारणारे आहेत. पण एक ग्रॅम कठीणपणा काढायला हे मशीन किती ग्रॅम मीठ खातं, हा प्रश्न विचारलेला मी आजवर ऐकलेला नाही. बाइक घेताना ज्या देशात पहिला प्रश्न 'ॲव्हरेज किती देते?' असा असतो, त्याच देशात! आणि विक्रेत्यांनी याचा पुरेपूर फायदा घेतलाय, असं माझं स्पष्ट मत आहे. आजची पोस्ट त्याबद्दल. आकडेमोड बरीच आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

माझं घर सिंदीचं. सिंदी (रेल्वे), जिल्हा वर्धा. (वर्ध्याला चिकटून एक सिंदी (मेघे) आहे, ते वेगळं. आमचं नागपूर-वर्धा लाइनवरचं, तान्ह्या पोळ्यासाठी ओळखलं जाणारं.) जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकावर बसलाय. त्या खडकाच्या भेगांत साठलेलं बोअरचं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच वर येतं. शाळेत आपण 'दुष्फेन' असा शब्द पाठ केला होता, आठवतंय? साबणाला फेस न येणारं ते हे पाणी. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर, सोलरच्या नळ्या चोंदलेल्या, बादलीला कडा, आणि ज्या भागात तूर पिकते त्याच भागात तुरीची डाळ कुकरच्या पाच शिट्ट्यांनीही शिजत नाही. त्रास खराच आहे. सॉफ्टनर म्हणजे थोतांड, असं मी म्हणत नाहीये, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर कॉमेंटमध्ये सुरू व्हाल.

तर आमच्या घरी सॉफ्टनर बसला. २५ लिटर रेझिन, डोक्यावर टायमरवाला व्हॉल्व्ह, शेजारी मिठाची टाकी. आणि फोनवर दर महिन्याला बाबांचं एकच वाक्य सुरू झालं, "मशीनले मीठच पुरत नाही रे, पाह्य एकदा." पंचवीस किलोच्या दोन पोती महिन्याला संपायच्या आणि तिसरी उघडायला लागायची. मागच्या सुट्टीत मी मॅन्युअल घेऊन बसलो आणि व्हॉल्व्हचं सेटिंग उघडलं. दर तीन दिवसांनी पहाटे दोन वाजता रीजनरेशन, दर वेळी सहा किलो मीठ. महिन्याला दहा वेळा, म्हणजे साठ किलो. बसवणाऱ्या भाऊला फोन केला तर म्हणाला, "दादा, आपल्या एरियाचं पाणी लय हार्ड आहे ना, म्हणून तीन दिवसांवर ठेवलं. सगळीकडे तसंच ठेवतो आपण. काकांना म्हणा, टेन्शन नका घेऊ."

सगळीकडे तसंच ठेवतो! हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या धंद्यात कोणी असं केलं, डेटा आला की नाही ते न बघता जड बॅच जॉब क्रॉनला टाकून घरी गेला, तर त्याला आपण काय म्हणू?

थोडं रसायनशास्त्र. रेझिनच्या मण्यांवर सोडियम चिकटलेलं असतं. कठीण पाणी त्यातून गेलं की कॅल्शियम मण्यावर बसतं आणि त्याच्या बदल्यात सोडियम पाण्यात उतरतं. मणी भरले की मिठाचं पाणी सोडून त्यांना धुवायचं. कॅल्शियम गटारात, सोडियम पुन्हा मण्यांवर. कागदावर हिशोब केला तर १ ग्रॅम कठीणपणासाठी (कॅल्शियम कार्बोनेटमध्ये मोजलेल्या) १.१७ ग्रॅम मीठ लागायला हवं. प्रत्यक्षात जास्तच लागतं, कारण सगळं मीठ कामाला येत नाही. पण किती जास्त, हे पूर्णपणे सेटिंगवर आहे. रेझिनच्या प्रत्येक लिटरला २४० ग्रॅम मीठ वापरलं तर ते साधारण ६८ ग्रॅम कठीणपणा पकडतं. ९६ ग्रॅमच वापरलं तर ४५ च्या आसपास. नीट बघा: मीठ अडीचपट, काम फक्त दीडपट. पहिल्या पद्धतीत ग्रॅममागे साडेतीन ग्रॅम मीठ, दुसऱ्या पद्धतीत सव्वादोनच्या आत. शेवटचे मणी स्वच्छ करण्यासाठी ढीगभर मीठ ओतावं लागतं, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षेत नव्वदवरून पंच्याण्णववर जायला जो अभ्यास लागतो, तसं.

आता आमच्या घराचा हिशोब. पाणी तपासून घेतलं तर कठीणपणा निघाला लिटरला ४५० मिलिग्रॅम. घरात तीन माणसं, अंगणासकट रोजचं पाणी चारशे लिटर. म्हणजे दिवसाला १८० ग्रॅम कठीणपणा. फुल डोसवर २५ लिटर रेझिन १७०० ग्रॅम पकडतं, म्हणजे नऊ दिवस सहज. आमचं मशीन तिसऱ्याच दिवशी धुवायला बसायचं, क्षमतेचा तिसरा हिस्साही वापरलेला नसताना. वर दर धुण्याला दीड-दोनशे लिटर पाणी वाया. मे महिन्यात, वर्धा जिल्ह्यात!

डोस २.४ किलोवर आणला आणि सहा दिवसांचं चक्र ठेवलं तर महिन्याला बारा किलो. साठाच्या जागी बारा. मशीन तेच, रेझिन तेच, नळाला येणारं पाणी रोजच्या वापरात फरक कळणार नाही इतपत तसंच. अंगण, संडास आणि झाडांची लाइन सॉफ्टनरच्या आधीच वेगळी काढली (आमच्याकडे ते निम्मं पाणी आहे) तर सहा किलो. फ्लशच्या टाकीतलं पाणी मऊ असून कोणाचं भलं होणार आहे, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

इथे काही जण म्हणतील, मीठ स्वस्त आहे, महिन्याला दोन पोती जास्त गेली तर एवढं काय? पैशाचा मुद्दा मी सोडूनच देतो. मुद्दा हा की ते मीठ जातं कुठे.

आमच्याकडे ड्रेनचा पाइप शोषखड्ड्यात सोडलाय. बऱ्याच घरी तो नालीत असतो, पण नालीसुद्धा शेवटी कुठेतरी जिरतेच. शोषखड्डा ही गोष्ट सांडपाण्यासाठी उत्तम. साबण, अन्नाचे कण यांना माती आणि जिवाणू पचवतात. क्लोराइडला कोणी पचवत नाही. ना माती, ना जिवाणू, ना शहरातला सांडपाणी प्रकल्प. ते पाण्याबरोबर खाली जातं. साठ किलोच्या हिशोबाने वर्षाला ७२० किलो मीठ, त्यात क्लोराइड जवळजवळ ४३५ किलो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. म्हणजे एका घराचं वर्षभराचं मीठ सतरा लाख लिटर गोड्या पाण्याला त्या मर्यादेपर्यंत न्यायला पुरेसं आहे. एक घर, तीन माणसं! जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. त्या मापाने ७२० किलो म्हणजे आमच्या तिघांचं एकशेतीस वर्षांचं मीठ.

आणि खरी गंमत पुढे आहे. धुतलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियमही त्याच पाइपातून बाहेर पडतं. कुठे? अंगणातल्या खड्ड्यात. बोअर कुठे आहे? त्याच अंगणात. म्हणजे जमिनीतून काढलेला कठीणपणा मिठासकट परत जमिनीत, आणि तिथून पुन्हा मोटारीने वर. विक्रेता याला 'पाणी शुद्ध करणं' म्हणतो. आपण याला इन्फिनिट लूप म्हणतो.

विदर्भातल्या माणसाला तरी हे वेगळं समजावून सांगायला लागू नये. अकोला, अमरावती, बुलढाण्यात पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आपण ऐकत मोठे झालो. तिथे भूजल खारं, आणि सोडियममुळे काळी माती अशी घट्ट होते की पाणी वर साचतं, मुळांपर्यंत जात नाही. तिथले शेतकरी पावसाचं पाणी शेततळ्यात धरून कसंबसं निभावतात. तो पट्टा निसर्गाने दिलेला. आपण घराघरात त्याची छोटी आवृत्ती हौसेने, हप्त्यावर बसवतोय. आईची परसबाग वर्षभर सॉफ्टनरच्याच पाण्यावर होती. लिंबाची पानं कडेने करपली तेव्हा ती ऊन म्हणून सोडून देत होती. ऊनही असेल. पण काळ्या मातीला रोज सोडियम पाजायचं आणि दोष उन्हाला द्यायचा, हे काही बरोबर नाही.

पिण्याचंही बघू. ४५० कठीणपणाचं पाणी मऊ झालं की लिटरला सुमारे २०७ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. दिवसाला तीन लिटर प्यायलात तर दीड ग्रॅमपेक्षा जास्त मिठाएवढं सोडियम नुसत्या पाण्यातून. बाबांना बीपी आहे. डॉक्टरांनी लोणचं-पापड बंद केलंय आणि इथे तांब्यातून मीठ चाललंय! पुढे आरओ असेल तर त्यातलं बरंचसं निघतं, पण स्वयंपाकघरात आरओचा नळ बाजूला ठेवून साध्या नळाला तांब्या लावणारी माणसं प्रत्येक घरात असतात. स्वयंपाकघराला एक नळ सॉफ्टनरच्या आधीचा ठेवा, इतकं साधं आहे. पण बसवणारा ते सांगत नाही. तो सांगतो मुतखड्याची भीती. कठीण पाणी प्यायल्याने मुतखडा होतो, हे ठामपणे सिद्ध झालेलं नाही. विदर्भाच्या उन्हात पाणी कमी पिणं हे त्याहून भरवशाचं कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने कठीणपणासाठी आरोग्याच्या आधारावर मर्यादा ठरवलेलीच नाही. आपल्या मानकात स्वीकार्य २०० आणि दुसरा स्रोत नसेल तर ६००, असं आहे. आमचे ४५० त्याच्या आतच बसतात.

आणखी एक युक्ती म्हणजे टीडीएस मीटर. खिशातून पेन काढायचा, पाण्यात बुडवायचा, आकडा दाखवायचा, गिऱ्हाईक गार. अहो, टीडीएस मीटर कठीणपणा मोजतच नाही. सॉफ्टनरच्या आधी आणि नंतर तो जवळजवळ तोच आकडा दाखवेल, कारण एक क्षार जाऊन दुसरा आलाय. कठीणपणा मोजायला थेंबाथेंबाने टाकायचं टेस्ट किट येतं, किंवा प्रयोगशाळेत बाटली द्यायची. तो आकडा न घेता ज्याने व्हॉल्व्ह सेट केला, त्याने अंदाजपंचे सेट केला.

हे सगळं जगात कोणालाच माहीत नाही अशातला भाग नाही. कॅलिफोर्नियात सांता क्लॅरिटा नावाच्या खोऱ्यात घरगुती सॉफ्टनरमुळे नदीतलं क्लोराइड वाढलं, खालच्या बाजूला स्ट्रॉबेरी आणि ॲव्होकॅडोची शेती. २००८ मध्ये तिथे लोकांनी मतदान करून आधी बसवलेले ऑटोमॅटिक सॉफ्टनरसुद्धा काढायला लावले. आपल्याकडे आरओवर निदान वाद तरी झाला. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पाचशेच्या खाली टीडीएस असलेल्या पाण्याला आरओ नको, असे नियम करायला सांगितलं. सॉफ्टनरबद्दल मात्र चिडीचूप. एसी-फ्रिजवर २००६ पासून चांदण्या लागायला लागल्या, आणि आज आजीसुद्धा दुकानात जाऊन 'पाच स्टारवाला दे' म्हणते. सॉफ्टनरवर 'ग्रॅममागे मीठ इतकं' असा एक आकडा छापायला काय हरकत आहे? आकडा कंपन्यांकडे असतोच. रेझिनच्या डेटाशीटमध्ये तक्ता असतो. तो गिऱ्हाइकापर्यंत येत नाही, कारण मिठाची पोती विकणाराही बहुतेक वेळा तोच वितरक असतो.

आणि आपलंही थोडं बोलू. हिंजवडीत, बंगळुरूत बसून आपण आई-बाबांच्या घरी एक एक मशीन पाठवत असतो. प्रेमापोटीच. सर्व्हिसिंगचे पैसेही ऑनलाइन भरतो. पण घराघरातलं सेटिंग कोण बघतं? जो माणूस ऑफिसात एका क्वेरीच्या अर्ध्या सेकंदासाठी दोन दिवस घालवतो, तो घरच्या मशीनचं पाचपट वाया जाणारं मीठ 'चालायचंच' म्हणून सोडून देतो. सोसायट्यांमध्ये तर हेच शेकडो फ्लॅटच्या मापाने चालतं. बोअर किंवा टँकरचं पाणी, तळघरात मोठा सॉफ्टनर, मिठाचा ट्रक, आणि त्याच क्लोराइडचं 'ट्रीटेड' पाणी लॉनवर. पुढच्या एजीएममध्ये पार्किंगवर भांडून झालं की विचारा, महिन्याला किती टन मीठ, किती पाण्याला, मीटरवर चालतं की टायमरवर.

मीटरवाला व्हॉल्व्ह, म्हणजे किती पाणी गेलं ते मोजून मगच धुणारा, थोडा महाग येतो. घ्यायचाच असेल तर तोच घ्या. 'मीठ न लागणारा' चुंबकवाला सॉफ्टनर कोणी गळ्यात मारत असेल तर हात जोडा. तो कठीणपणा काढत नाही, आणि थर कमी करतो याचा भक्कम पुरावा नाही. गीझरचा थर वर्षातून एकदा लिंबूसत्त्वाने निघतो. आणि आभाळातून पडणारं पाणी मऊच असतं, हेही विसरू नका. जिल्ह्यात सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, शंभर चौरस मीटरच्या छतावरून ऐंशी हजार लिटर तरी हाती लागतं. ते बोअरजवळ जिरवलं तर कठीणपणा आणि क्लोराइड दोन्हींना थोडा उतारा. आमच्या छताचा पाइप या पावसाळ्याआधी वळवायचाय, बघू.

डोस कमी करायला मॅन्युअलमध्ये इंजेक्टर आणि वेळेचा तक्ता दिलेला आहे. वितरकाला फोन करून म्हटलं, माणूस पाठवा, २.४ किलोवर आणि सहा दिवसांवर करून द्या. तिकडून उत्तर आलं, "असं केलं तर वॉरंटी जाईल सर." मी म्हटलं, वॉरंटी कार्डावर हे कुठे लिहिलंय ते मेलवर पाठवा. आज सतरावा दिवस. मेल आलेला नाही. मिठाच्या पोतीसाठी मात्र बाबांना दोनदा फोन येऊन गेला.