दसऱ्याआधीची रोपवाटिका

झाडे लावण्याचा महिना कोणता, असे कोणत्याही शाळेत विचारले, तर ‘जुलै’ हेच उत्तर बहुधा मिळते. त्याला कारणही आहे. १९५० साली तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री क. मा. मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात रोपे लावण्याची चाल देशभर पडली. जेथे मृगापासूनच पाऊस धो धो कोसळतो, तेथे ही चाल योग्यच होय. परंतु सोलापूर म्हणजे रत्नागिरी नव्हे.

कोकणात वर्षाकाठी २५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असलेल्या सोलापुराच्या वाट्याला ६०० ते ७०० मिलिमीटरांच्या आसपास येतो आणि त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. जून-जुलैत एखादी सर येते, मग पंधरा-पंधरा दिवस आभाळ नुसतेच भरून राहते. मोठ्या उत्साहाने लावलेले रोप त्या उघडिपीत मान टाकते. शेतकऱ्याला हे पक्के ठाऊक असते. म्हणून तर येथील मुख्य ज्वारी मृगावर न पेरता उत्तरा-हस्ताच्या ओलीवर पेरतात. जे ज्वारीच्या बाबतीत मानले जाते, ते शाळेच्या वृक्षारोपणाच्या बाबतीत का मानले जाऊ नये? सोलापुरातील मुलांनी रोपवाटिकेत जावे ते शरदात, हस्ताचा पाऊस पडून गेल्यावर.

या दिवसांत रोपवाटिका मोठी प्रसन्न दिसते. दाराशी झेंडू आणि शेवंती दसऱ्या-दिवाळीच्या गिऱ्हाइकांची वाट पाहत असतात. आत हिरव्या जाळीच्या सावलीखाली कडुनिंब, चिंच, करंज, सीताफळ यांची रोपे पिशव्यांतून ओळीने मांडलेली असतात. एका बाजूस माती, वाळू आणि कुजलेले शेणखत यांचे ढीग. त्यांचे मिश्रण पिशव्यांत भरण्याचे काम अखंड चालू असते. ज्यांचे लक्ष केवळ फुलांकडे जाते, त्यांची रोपवाटिका अर्धीच पाहून झाली असे समजावे.

डाळिंबाचा कोपरा तर मुद्दाम थांबून पाहण्याजोगा. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि शहराजवळ केगाव येथे २००५ सालापासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. डाळिंबाचे बी पेरले तर रोप उगवते खरे, परंतु त्याचे फळ मूळ झाडासारखेच येईल याची शाश्वती नसते. म्हणून गुटी बांधतात. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीवरील सालीचे एक कडे काढावयाचे, त्या जागी ओले शेवाळ लावावयाचे आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळावयाची. काही आठवड्यांत त्या शेवाळात पांढरी मुळे दिसू लागतात. मग फांदी खालून कापून पिशवीत लावली, की नवे झाड तयार होते. पुस्तकातील चार आकृत्यांनी जे कळत नाही, ते एक गुटी सोडताना पाहिले की कळते.

रोप निवडताना मात्र मुलांची हमखास फसगत होते. “मामा, ते उंच द्या!” अशी मागणी चोहोकडून होऊ लागते. जाणता माळी हसतो आणि म्हणतो, “बाळांनो, उंची बघू नका, बूड बघा.” पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाची मुळे तळाशी गोल गोल वळलेली असतात. असे रोप जमिनीत लावले तरी त्याची मुळे बरेचदा तशीच गुंडाळलेली राहतात आणि खोल जात नाहीत. हातभर उंचीचे, जाड बुंध्याचे, ताज्या पानांचे रोप त्याहून कितीतरी चांगले.

शरदातील लागवडीविरुद्ध एक आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. हस्तानंतर पाऊस संपतो. मग रोपाला पाणी कोणी घालावयाचे? या प्रश्नातच खरी गोम आहे. जुलैत रोप लावणारा पावसावर भिस्त ठेवतो आणि विसरून जातो. आश्विनात लावणाऱ्याला तशी मुभा नसते. पहिल्या दिवसापासून त्याला स्वतःवर विसंबावे लागते. शिवाय या वेळी जमीन खोलवर ओली असते आणि थंडीत ती ओल लवकर उडून जात नाही, त्यामुळे मुळांना खाली जाण्यास तीन-चार महिने मिळतात. खरी कसोटी पुढे. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर चढतो, काळी जमीन भेगाळते आणि त्या भेगांत कोवळी मुळे तुटतात. त्यासाठी बुंध्याभोवती पाचोळ्याचा जाड थर द्यावा आणि शेजारी मातीचे एक मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरून ठेवावे. पाणी पाझरत राहते, वाया जात नाही. ज्या गावात पाणी जपून वापरावे लागते, तेथे पन्नास रोपे लावून त्यांची छायाचित्रे काढण्यापेक्षा पाच रोपांची पाच मडकी भरणे अधिक शहाणपणाचे.

त्या पाचांत एक रोप आपट्याचे असावे. दसऱ्याला ‘सोने’ म्हणून या झाडाच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात आणि संध्याकाळी तेच सोने रस्त्यावर तुडवले जाते. बाजारात तर आपटा म्हणून कांचनाची पाने सर्रास विकली जातात. कांचनाचे पान मोठे आणि मऊ. आपट्याचे लहान, जाडसर, खरखरीत, लांबीपेक्षा रुंदीला अधिक. वर्षानुवर्षे सोने वाटणाऱ्या किती जणांना हा भेद सांगता येईल, कोण जाणे! रोपवाटिकेत दोन्ही रोपे शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर एका मिनिटात तो ध्यानी येतो.

आणलेल्या रोपाला पहिल्या दसऱ्याला दहा-बारा पाने असतात. त्यांतील एकही तोडता येत नाही. त्या दिवशी मुलांनी एकमेकांना ते रोप दाखवावे, मडके भरले आहे की नाही ते पाहावे आणि घरी जावे.