एडिटरने ताटकळत ठेवू नये

"एडिटरमध्ये लिहावं, बाकीच्या उचापती त्याने कशाला कराव्यात?" असं पुण्यातले मित्र हमखास ऐकवतात. मंडळी, साफ अमान्य! माझा ईमॅक्स कंपायलर चालवतो, दूरच्या सर्व्हरवरच्या फायली उघडतो. ते त्याने करावंच. माझं भांडण वेगळं आहे.

ईमॅक्समध्ये बाहेरचा प्रोग्रॅम दोन तऱ्हांनी चालवता येतो. 'कॉल-प्रोसेस' वापरलंत तर तो संपेपर्यंत सगळं ठप्प. 'स्टार्ट-प्रोसेस'ने त्याला कामाला लावून आपण मोकळे. त्याचं आउटपुट 'फिल्टर' झेलतो, तो संपला की 'सेंटिनेल' वर्दी देतो. (कोकणात याला राखणदार म्हणू!) नेटवर्कची जोडणीही ईमॅक्सच्या लेखी प्रोसेसच, म्हणजे तिलाही हाच राखणदार मिळतो. वाडीतला पंप चालू करून कुणी विहिरीशी खिळून राहत नाही, तितकं हे साधं. तरीही 'ट्रॅम्प'ने सर्व्हरवर फाइल सेव्ह करताना आंजर्ल्यातलं नेट गेलं, की तो उत्तराची वाट बघत बसतो आणि अख्खा एडिटर गोठतो. शेजारच्या बफरमधली माझ्याच डिस्कवरची फाइलसुद्धा हलत नाही. बसा कंट्रोल-जी बडवत!

"चांगलं कनेक्शन घे" हा सल्ला नको. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर दापोली तालुक्यात कित्येक दिवस वीजच नव्हती, कनेक्शन कसलं घेता? २०१८च्या ईमॅक्स २६मध्ये थ्रेड आले खरे, पण तेही एका वेळी एकच चालणारे.

पॅकेज लिहिणाऱ्यांनो, 'कॉल-प्रोसेस'ने तुमच्या चार ओळी वाचतात, आमचं अर्धं पान अडकतं. निदान टाइमआउट तरी घाला.