दीर्घ धाव, कर्बोदके आणि नवकारसी



दुकान-पेढी सांभाळून पहाटे लांब पल्ल्याचे धावणारी तरुण मंडळी आता आपल्या अनेक घरांत दिसतात. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. त्याच घरांत चौविहार व नवकारसीही पाळली जाते. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न केवळ श्रद्धेचा नसून शरीरशास्त्राचाही आहे.

धावताना स्नायूंचे मुख्य इंधन म्हणजे कर्बोदके. ती ग्लायकोजेनच्या रूपाने स्नायूंत सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात सुमारे १०० ग्रॅम साठवलेली असतात. जोमाने धावल्यास दीड-दोन तासांत ही शिल्लक बरीचशी खर्ची पडते. ती आटू लागली की कॉर्टिसॉलसारखी ताणाची संप्रेरके वाढतात. डेन्मार्कमधील बेंटे क्लारलुंड पेडरसन यांच्या संशोधनातून दिसून आले की, काम करणारे स्नायू इंटरल्युकिन-६ नावाचा संदेशवाहक पदार्थ स्वतःच रक्तात सोडतात आणि ग्लायकोजेन कमी असेल तर तो अधिक प्रमाणात सोडला जातो. पांढऱ्या पेशींची संख्याही वाढते. श्रमानंतरचा दाह म्हणतात तो हाच.

अमेरिकेतील डेव्हिड नीमन यांनी १९९०च्या दशकात अनुभवी धावपटूंना अडीच तास धावायला लावून हे तपासले. काहींना कर्बोदकयुक्त पेय दिले, तर काहींना त्याच चवीचे पण कर्बोदके नसलेले. पहिल्या गटात कॉर्टिसॉल कमी वाढले आणि दाहाची चिन्हेही सौम्य राहिली. पुढे २०१२ मध्ये त्यांनी ७५ किलोमीटर सायकल चालवणाऱ्यांवर केळी आणि तयार पेय यांची तुलना केली. परिणाम जवळजवळ सारखाच आढळला. म्हणजे महागड्या पाकिटावाचून काही अडत नाही.

याच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. कर्बोदकांनी स्नायूंची झीज वा दुसऱ्या दिवशीचे दुखणे थांबत नाही. थोडा दाह तर दुरुस्तीसाठी आवश्यकच असतो. तासाभराच्या आतील धावेला वाटेत काही खाण्याची गरज नसते. त्यापुढे मात्र ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके सुचवली जातात. मध्यम आकाराच्या एका केळ्यातून साधारण २५ ग्रॅम मिळतात.

आता आपल्या नियमांचा हिशेब मांडू. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत असते आणि पहाटे पाचच्या सुमारास सुरू होते. त्या दिवसांत तेथे सूर्योदय सव्वासातला आणि सूर्यास्त सहा-वीसच्या आसपास होतो. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारसी पारायची, म्हणजे आठ वाजतात. आदल्या संध्याकाळी चौविहार घेतलेल्या धावपटूच्या मुखात साडेतेरा तासांहून अधिक काळ ना अन्न ना पाणी, आणि त्यातले तीन तास तो धावत असतो. रात्रीच्या उपवासात यकृतातील साठा बराच उतरतो. स्नायूंतील टिकून असला तरी तो तीन तास पुरत नाही. त्यात पाण्याचा अभाव अधिक धोक्याचा.

यावर उपाय व्रत सोडण्याचा नव्हे, अंतर निवडण्याचा आहे. ज्यांचा नियम दृढ आहे त्यांनी दहा किलोमीटरसारखी तासाभराची धाव निवडावी आणि लांबचा सराव नवकारसीनंतर, पाणी व केळी जवळ ठेवून करावा. स्पर्धेपूर्वीचे दोन दिवस सूर्यास्ताआधीच्या जेवणात भात, पोळी, पोहे यांचे प्रमाण वाढवावे. बटाट्यावाचून काही अडत नाही. धाव संपल्यावर, नियमाची वेळ होताच, लिंबू-साखर-मिठाचे पाणी आणि पाठोपाठ मूगडाळीची खिचडी घ्यावी. तयार जेल व चघळण्याच्या गोळ्या घेताना वेष्टन अवश्य वाचावे, कारण काहींत मध वा जिलेटिन असते. मधुमेहींनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय यातले काहीही करू नये.

घरातील ज्येष्ठांना एक विनंती. उपाशीपोटी मॅरेथॉन धावलेल्या मुलाचे तपस्वी म्हणून कौतुक करू नये. तपाचा हेतू कर्मनिर्जरा हा असतो, पदक हा नव्हे. पच्चक्खाणाची शंका गुरुमहाराजांना विचारावी, शरीराची डॉक्टरांना. आणि दोन्ही उत्तरे हाती आल्यावरच स्पर्धेचा अर्ज भरावा.